२६/११ चा कार्यक्रम: या वर्षी भाषण नको, मग काय?

घुमट_फोंडा | ३ नोव्हेंबर, रात्री ९.४०

मंडळी, मदत हवी आहे.

आमच्या गावच्या वाचनालयात (फोंडा तालुका, गावाचं नाव सांगत नाही, समितीतले दोघे इथं चोरून वाचतात) दरवर्षी २६ नोव्हेंबरला श्रद्धांजलीचा कार्यक्रम होतो. समई, फोटो, दोन मिनिटं शांतता, मग पाहुण्यांचं भाषण, मग चहा-बटाटवडा. गेल्या वर्षीचे पाहुणे पाऊण तास बोलले. ‘मुंबईचं स्पिरिट’ किती वेळा आलं ते मी मोजत होतो. एकोणिसानंतर सोडून दिलं.

मागच्या रांगेत शाळेची पोरं बसली होती, सगळी २००८ नंतर जन्मलेली. कार्यक्रम आटोपल्यावर त्यातल्या एकीनं विचारलं, “सर, त्या रात्री लोकांनी नक्की काय केलं?” मी तुकाराम ओंबळे सांगितले. गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली आणि तो जिवंत सापडला, ते सांगितलं. करकरे, कामटे, साळसकर सांगितले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते पोलीस. लोकांनी?”

मी गप्प. आता या वर्षी समितीनं कार्यक्रम माझ्याच गळ्यात मारलाय. भाषण ठेवायचं नाही एवढं मी ठरवून घेतलं. पुढचं सुचवा.

---

कुळागर | ३ नोव्हेंबर, रात्री १०.०५

पहिला प्रतिसाद माझा. पडद्यावर माहितीपट लावा, दिवे मालवा, मोकळे व्हा.

---

माडाखाली | ३ नोव्हेंबर, रात्री १०.३१

@कुळागर, आमच्याकडे गेल्या वर्षी तेच केलं. दिवे मालवल्यावर अर्धी माणसं घरी गेली.

घुमट, त्या मुलीला विष्णू झेंडेंबद्दल सांगा. सीएसटीवर (म्हणजे मुंबईचं जुनं व्हीटी स्टेशन) लोकलची उद्घोषणा करणारा माणूस. उपनगरी बाजूला वर त्यांची केबिन, तिथून त्यांना खालचा गोळीबार दिसला. उठून निघून गेले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. ते माइकवर बसून राहिले आणि लोकलमधून उतरणाऱ्यांना, त्या बाजूला जाऊ नका, एक नंबर फलाटाकडून बाहेर पडा, असं मराठी-हिंदीतून पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्यांच्या केबिनवरही गोळ्या आल्या.

रेल्वे सुरक्षा दलाचे जिल्लू यादवही तिथलेच. सहकाऱ्याची जुनी रायफल घेऊन त्यांनी गोळी झाडली, आणि ते कमी पडलं तेव्हा प्लॅस्टिकची खुर्ची फेकून मारली. एके-४७ समोर खुर्ची! हे मुलांना सांगा, त्यांना कायमचं लक्षात राहील.

---

हिशेबनीस | ३ नोव्हेंबर, रात्री ११.१२

कडू बोलतो, राग मानू नका.

हे ‘स्पिरिट’ प्रकरण मला पहिल्यापासून पटत नाही. १२ मार्च १९९३ ला बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली, दोन-तीन दिवसांत बाजार उघडले. ११ जुलै २००६ ला अकरा मिनिटांत लोकलमध्ये सात स्फोट झाले, दुसऱ्या दिवशी लोकल भरून धावल्या. सगळे म्हणाले, बघा मुंबईकरांची हिंमत. मी तेव्हा विरारला भाड्यानं राहायचो. १२ जुलैला कामावर गेलो कारण रोजावर होतो, नाही गेलो तर पैसे नाहीत. माझ्या डब्यात एकही माणूस बोलत नव्हता. दादर येईपर्यंत मी वरच्या रॅकवरच्या पिशव्या मोजत होतो. यात हिंमत कुठं आली? भीती होती, आणि पोट होतं.

आणखी एक. सीएसटीवर ५८ माणसं गेली. बहुतेक बाहेरगावच्या गाड्यांसाठी जमिनीवर चादर पसरून बसलेले गरीब प्रवासी. आठवड्यानं, ३ डिसेंबरला, गेटवेवर प्रचंड गर्दी जमली, मेणबत्त्या पेटल्या. व्हीटीच्या त्या हॉलसाठी किती पेटल्या? एकजूट-एकजूट म्हणताना हेही बोलावं.

---

नर्सताई | ४ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

रात्रपाळी संपवून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

हिशेबनीस भाऊ, तुमचा राग कळतो. पण भीती होती म्हणजे हिंमत नव्हती, हे मला पटत नाही. कामा हॉस्पिटलच्या अंजली कुलथे घ्या. त्या रात्री त्यांच्या वॉर्डात वीस गरोदर बाया होत्या. खालून दोघं हल्लेखोर गेट ओलांडून आत येताना त्यांना खिडकीतून दिसले. त्यांनी वॉर्डाचे जड दरवाजे लावले आणि सगळ्यांना आतल्या टोकाच्या खोलीत नेऊन अंधारात बसवलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या. तिला भिंतीच्या कडेकडेनं प्रसूतिगृहात पोचवलं, बाळ सुखरूप झालं. पुढं त्यांनी कसाबला ओळखलं आणि कोर्टात साक्ष दिली, तीही युनिफॉर्म घालून, हट्टानं. २०२२ च्या डिसेंबरात त्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढं बोलल्या तेव्हा मी ड्युटीवर होते. आम्ही चौघीजणी एकाच फोनमध्ये डोकं घालून बघत होतो.

बाहेरच्या माणसाला हे किती कठीण ते कळणार नाही. कळा येणाऱ्या बाईला ‘ओरडू नकोस’ सांगणं म्हणजे काय, ते लेबर रूममध्ये उभं राहिलेल्यालाच ठाऊक.

घुमट सर, तुम्हाला सूचना: मला बोलवा. भाषण करणार नाही. वाहतं रक्त कसं थांबवायचं ते दाखवीन. स्वच्छ कापडाची घडी, दोन्ही तळवे, पूर्ण वजन, आणि कितीही वाटलं तरी कापड उचलून बघायचं नाही. भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही; आपल्याकडे सगळे धावतात ते पाण्याचा तांब्या घेऊनच. अर्ध्या तासात सगळ्यांचे हात वळतात.

---

घुमट_फोंडा | ४ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

ताई, ठरलं. गाडी पाठवतो.

---

दर्याचो_भुरगो | ४ नोव्हेंबर, दुपारी १.२०

मासळी उतरवून जेवायला बसलोय. सगळे व्हीटी आणि ताजबद्दल बोलतात. ते आले कुठून? दर्यातून.

पहिला बळी खुष्कीवरचा नव्हता. पोरबंदरचा ‘कुबेर’ हा ट्रॉलर त्यांनी धरला, खलाशी मारले, तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) मुंबईपर्यंत होडी हाकायला लावली आणि मग त्यालाही मारलं. रबरी होडीतून उतरले ते बधवार पार्कजवळच्या मच्छीमार कॉलनीत. पाठीवर जड पिशव्या घेतलेल्या त्या पोरांना पहिल्यांदा हटकलं ते तिथल्या कोळी लोकांनी. उडवाउडवीची उत्तरं मिळाली. म्हणजे शहराला पत्ता नव्हता तेव्हा किनाऱ्यावरच्या माणसाला शंका आली होती. त्या शंकेचं करायचं काय, ती कुणाला कळवायची, याची वाटच बांधलेली नव्हती.

त्यानंतर आमच्यामागं कार्डं लागली, बोटांचे ठसे, होड्यांना ठरलेले रंग, नंबर. सुरुवातीला आम्ही शिव्या घातल्या. पहाटे तीन वाजता थंडीत होडी थांबवून कार्ड मागितलं की कुणालाही राग येतो. माझा बाप रापणीवर (किनाऱ्यावरून जाळं ओढायला) गेला जन्मभर, त्याला कधी कुणी ‘तू कोण’ विचारलं नव्हतं. पण आता १०९३ हा सागरी पोलिसांचा नंबर आणि १५५४ हा तटरक्षक दलाचा, हे आमच्या जेटीवरच्या पोरालाही पाठ आहे. तुमच्या फोंड्यात किती जणांना ठाऊक आहे? दर्या लांब आहे म्हणाल, तर मांडवी-जुवारी तुमच्या तालुक्याला खेटूनच वाहतात.

बोलवलंत तर मीही येईन. फक्त मासेमारीबंदीचा विषय काढू नका, मग मी थांबणार नाही. ☺

---

सांतेर_२ | ४ नोव्हेंबर, दुपारी ३.०२

गोव्यात असलं काही होत नाही, तेवढं बरं. आपली माणसं शांत. बाहेरून येणाऱ्यांवर लक्ष ठेवलं की झालं.

---

नरकासुर_मंडळ | ४ नोव्हेंबर, सायंकाळी ५.४४

@सांतेर_२, मडगावचं विसरलात?

१६ ऑक्टोबर २००९. दिवाळीची आदली रात्र, नरकासुरांच्या पुतळ्यांच्या स्पर्धा रंगात आलेल्या. मडगावात स्पर्धेच्या जागेजवळ स्कूटरमध्ये स्फोट झाला, दोघे गेले. त्याच रात्री सांकवाळला नरकासुराच्या ट्रकमध्ये दुसरा बॉम्ब सापडला. तो फुटला असता तर ट्रकमधली पोरं राहिली नसती.

आमचा वाडा मडगावपासून जवळ. आमचा नरकासुर त्या वर्षी बावीस फूट, डोळ्यांत लाल बल्ब, मान हलायची. महिनाभर खपून केलेला. बातमी आली तशी स्पर्धा बंद, म्युझिक बंद. प्रत्येकाच्या घरून फोन. आम्ही वीसेक पोरं त्या पुतळ्याभोवती नुसती उभी. त्याच्या पोटात गवत, कागद आणि फटाके होते, आणि आता त्याला हात लावायचीच भीती. कुणी म्हणे पोलीस येऊन तपासू देत, कुणी म्हणे तसाच ठेवून घरी जाऊया.

पहाटे चारच्या सुमारास वाड्यावरच्या म्हाताऱ्या बाहेर आल्या. माझी आजी पुढं. म्हणाली, नरकासुर जळल्याशिवाय न्हाणं कसं करायचं, आणि न्हाणं नाही तर दिवाळी कसली? शेजारचा कायतान, ज्याच्या गॅरेजमध्ये आम्ही पुतळा बांधला होता, तो टॉर्च घेऊन पुतळ्याच्या पोटात शिरला. आम्हाला मागं सरायला लावलं. सगळं चाचपून बाहेर आला, अंगभर गवत, आणि म्हणाला, “कांय ना. लाय उजो.” (काही नाही. लाव आग.) मग आम्ही जाळला. फटाके वाजले तेव्हा सगळे दचकले, मग एकदम हसायला लागले. घरी येऊन कारीट फोडलं, फोव (पोहे) खाल्ले. पुढच्या वर्षी नरकासुर पुन्हा केला. तेव्हापासून बांधताना रात्री दोघेजण आळीपाळीनं जागे असतात, एवढाच फरक.

आणि ‘बाहेरून येणाऱ्यांवर लक्ष’ हे जे तुम्ही लिहिलंत, त्याचं उत्तर या प्रकरणातच आहे.

---

सांतेर_२ | ४ नोव्हेंबर, सायंकाळी ६.१०

त्या प्रकरणात कोण होते ते सगळ्यांना माहीत आहे. नावं घेऊ का?

---

संपादक | ४ नोव्हेंबर, सायंकाळी ६.३०

नको. त्या खटल्यातल्या आरोपींची २०१३ च्या डिसेंबरात विशेष न्यायालयानं निर्दोष मुक्तता केली. इथं कुणाचंही नाव वा संघटना घेऊन आरोप केल्यास प्रतिसाद उडवला जाईल. धर्मावरून घसरणारे दोन प्रतिसाद आताच उडवले आहेत. धागा चांगला चाललाय, चालू द्या.

---

माडाखाली | ४ नोव्हेंबर, रात्री ९.०८

धर्माचा विषय निघालाच आहे तर. २६/११ नंतर मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या कबरस्तानात जागा द्यायला मुंबईच्या मुस्लिम जामा मशीद ट्रस्टनं चक्क नकार दिला. प्रेतं महिनोन्‌महिने शवागारात पडून होती. ९ डिसेंबर २००८ ला बकरी ईद आली, तेव्हा कितीतरी लोकांनी नव्या कपड्यांवर काळ्या फिती लावून नमाज पढला. मेलेल्याला माती नाकारणं ही आपल्याकडं, कुठल्याही धर्मात, लहान गोष्ट नाही. ती त्यांनी केली, आपल्या माणसांसमोर केली.

पहलगामलाही तेच. २२ एप्रिल २०२५ ला पर्यटकांवर गोळ्या चालल्या तेव्हा आदिल हुसेन शाह हा तिथला घोडेवाला बंदूक हिसकावायला धावला आणि मेला. दुसऱ्या दिवशी काश्मीर स्वतःहून बंद होतं. माझी बहीण तेव्हा श्रीनगरला हॉटेलात होती. हॉटेलवाल्यानं उरलेल्या दिवसांचे पैसे परत केले आणि विमानतळावर सोडायला स्वतः आला. ती अजून त्याला दिवाळीचा फोन करते.

---

जुनी_वही | ५ नोव्हेंबर, रात्री १२.१७

मी इथं सहसा नुसता वाचतो. पण माडाखालींनी झेंडेंचं लिहिलं आणि राहवेना. तो आवाज मी ऐकलाय.

२००८ साली मी चोवीस वर्षांचा. डिचोलीहून मुंबईला नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो, परतीचं तिकीट त्या रात्रीच्या कोकणकन्येचं. गाडी अकरानंतर, म्हणून दादरच्या मित्राकडे जेवलो आणि आरामात लोकलनं व्हीटीला निघालो. फलाटावर उतरलो तर स्पीकरवरून तो आवाज. एक नंबरच्या बाजूनं बाहेर पडा. स्वर अगदी रोजचा, गाडी उशिरानं धावत आहे म्हणताना असतो तसा. म्हणून मीही रोजच्यासारखाच वळलो. फटफट आवाज येत होते, मला वाटलं कुठं तरी लग्नाचे फटाके. बाहेर आल्यावर चपला सोडून पळणारी माणसं दिसली, तेव्हा पाय कापायला लागले.

मुंबईत माझ्या ओळखीचं एकच ठिकाण जवळ होतं: धोबीतलावची एक कूड. आमच्या शेजारच्या गावची. (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: गोव्यातल्या गावांनी मुंबईत आपापल्या माणसांसाठी खोल्या घेऊन ठेवल्या, त्या कुडी. बहुतेक तारवटी, म्हणजे बोटीवर जाणारे, तिथं उतरायचे. भिंतीला पेट्या लावलेल्या, एका टोकाला गावच्या संताची वेदी, संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना.) दुपारी शेजाऱ्याचं पार्सल द्यायला तिथं जाऊन आलो होतो. आझाद मैदानाच्या कडेकडेनं पळत गेलो. नंतर कळलं की ते दोघं हल्लेखोरही त्याच बाजूला कामा हॉस्पिटलकडे वळले होते.

दार एका म्हाताऱ्या तारवट्यानं उघडलं. मी दम लागून काहीबाही बोलत होतो. तो म्हणाला, “आदीं भितर यो, मागीर सांग.” (आधी आत ये, मग सांग.) आत घेतलं, मागं कडी घातली. जिना तसाच उघडा होता, त्यामुळं थोड्या थोड्या वेळानं दार वाजत राहिलं. प्रत्येक वेळी आतले सगळे गप्प, आणि प्रत्येक वेळी तो उठून फटीतून बघून दार उघडायचा. आतल्या एकानं रागावून सांगितलं, आता उघडू नकोस, आपल्यालाही मारतील. त्यानं ऐकलं नाही. मध्यरात्री मेट्रो सिनेमाजवळ गोळीबार झाला तो आम्ही आतून ऐकला. मी त्याच्या खाटेवर, तो पेटीवर बसून. तेर्स चालली होती, मी नुसता हात जोडून होतो. अर्धा पाव आणि साखर नसलेला काळा चहा दिलेला आठवतो.

सकाळी त्यानं मोठी वही काढली. कुडीचा नियम, राहील त्याची नोंद झालीच पाहिजे, आणि राहायला त्या गावचाच माणूस लागतो. मी माझं गाव सांगितलं. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि रकान्यात स्वतःचं गाव लिहिलं. खाटेचे वीस रुपये मात्र घेतले, नियम म्हणून.

दोन दिवसांनी घरी पोचलो. कुडीचं आणि माणसाचं नाव लिहीत नाही. कमिटी अजून कडक आहे म्हणतात.

---

हिशेबनीस | ५ नोव्हेंबर, सकाळी ९.२५

जुनी वही, माझा वरचा प्रतिसाद मागं घेत नाही, पण दार वाजतंय आणि तो उठतोय हे डोळ्यांसमोरून जात नाहीये. १२ जुलैला माझ्या डब्यात असा कुणी असता तर बरं झालं असतं. कदाचित होताही. मी पिशव्याच मोजत बसलो.

घुमट, ताज-व्हीटीची तुलना मी केली, तर हेही जोडा: ताजमध्ये पाहुण्यांना मागच्या वाटेनं काढताना किचनची माणसं मेली. गोव्यातल्या एका नामांकित शेफचा शिकाऊ मुलगाही त्यात गेला. तेव्हाचे सरव्यवस्थापक करमबीर कांग यांची बायको आणि दोन्ही मुलं वरच्या मजल्यावर गेली, तरी ते पाहुण्यांना बाहेर काढत खाली उभे होते. मेणबत्त्यांचा राग या माणसांवर काढण्यात अर्थ नाही.

---

कुळागर | ५ नोव्हेंबर, सकाळी १०.०१

अवांतर: कसाबचा सीएसटीमधला तो सगळ्या जगानं पाहिलेला फोटो काढणारे सेबॅस्टियन डिसोझा निवृत्तीनंतर गोव्यातच स्थायिक झाले. समोरच्या ऑफिसातून ते स्टेशनात धावले होते, बाकी सगळे बाहेर पळत असताना. कोर्टात साक्षही दिली.

आणि मुलांना हे सांगाच: टीव्हीवाल्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या, त्या पलीकडे पाकिस्तानात बसलेल्या सूत्रधारांना आयत्या मिळाल्या. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या निकालात यावर कडक ताशेरे ओढले. आता प्रत्येकाच्या खिशात टीव्ही आहे. अशा वेळी व्हिडिओ काढून पाठवायचा नाही, हीही शिकवण्याची गोष्ट. (माहितीपटाची सूचना मागे घेतो.)

---

घुमट_फोंडा | २७ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

झाला कार्यक्रम. थोडक्यात सांगतो.

फोटो, समई, शांतता ठेवली. समितीनं त्यावर तडजोड केली नाही. नर्सताईंनी पोरांना जोडीजोडीनं बसवलं, उशीवर तांबड्या रंगाचं पाणी ओतलं आणि दाबायला लावलं. भजनी मंडळाच्या एका आजींनी दोन मिनिटांत उशी सपाट केली. दर्याचो भुरगो अर्धा तास उशिरा आला, मासळीचा वास घेऊन, आणि सगळ्यांना १०९३ फोनमध्ये साठवायला लावला. मासेमारीबंदीचा विषय त्यानंच काढला.

जुनी वहींचा प्रतिसाद त्यांच्या परवानगीनं वाचला. त्या मुलीला मी शोधलं, ती दुसऱ्या रांगेत होती. तिचा प्रश्न आता वेगळाच: “बाकीचे कोण होते, दार वाजवणारे?” मी म्हटलं, विचारतो.

---

जुनी_वही | २७ नोव्हेंबर, रात्री १०.४८

मलाही ठाऊक नव्हतं. अंधार होता, कुणी कुणाशी फारसं बोललं नाही. एक फळवाला होता एवढं आठवतं, त्याच्या टोपलीतली केळी वाटली गेली.

पण इथल्या एका सदस्यानं (आभार, नाव सांगू नका म्हणालात) कमिटीतल्या मामांकडून त्या पानाचा फोटो काढून मला पाठवला. म्हातारा आता नाही. अक्षर त्याचंच, तिरकं, शाई फुटलेली. माझं नाव चुकीचं लिहिलंय. माझ्याखाली त्या तारखेला आणखी सहा नावं आहेत. दोन मुसलमान, एक बहुतेक बिहारकडचं, एक बाई, दोन वाचता येत नाहीत. प्रत्येकासमोर वीस रुपये. गावाच्या रकान्यात सातही जणांपुढं एकच गाव.